सत्तावीस इंची धनुर्धर

अमेरिकेत धनुष्य विकत घेणं मुळीच अवघड नाही. अवघड असतं ते धनुष्य घेऊन दुकानाबाहेर पडणं. हजार-बाराशे डॉलर मोजल्यावर जे हातात पडतं, ते दिसायला धनुष्य असतं, पण त्यातून बाण सुटत नाही. नेम धरायचं साधन वेगळं घ्यायचं, बाण टेकवायचं वेगळं, दोरी ओढून सोडायचं वेगळं. भाता वेगळा. बाणही वेगळे, आणि बाणाचं टोक बाणाहूनही वेगळं. 'नुसत्या धनुष्याचं मग करायचं काय?' असं मी दुकानदाराला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "भिंतीवर छान दिसतं."

मी मूळचा कोल्हापूरचा. आता विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनजवळ राहतो. इथं हरीण हा जंगलातला प्राणी नसून परसातला भुरटा चोर आहे. आमच्या हिनं बागेत हौसेनं लावलेली होस्टाची झाडं तो देठासकट साफ करतो आणि आपण खिडकीवर टकटक केली तर चघळत चघळत आपल्याकडे बघतो. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम असतो. तेव्हा निम्मं ऑफिस नारिंगी जाकिटं घालून रानात पसार होतं. धनुष्यवाल्यांचा हंगाम मात्र सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि जानेवारी उजाडेपर्यंत चालतो. शनिवार-रविवारी घरातली कामं टाळायला साडेतीन महिन्यांचं सरकारमान्य कारण मिळत असेल, तर बंदूक कोण घेईल?

शिवाय या मातीला धनुष्याची परंपरा आहे. धनुष्यानं हरणं मारायचा खास हंगाम या देशात पहिल्यांदा ठरवला तो विस्कॉन्सिननं, १९३४ साली. निसर्ग-संवर्धनाचा विचार अमेरिकेला शिकवणारे आल्डो लिओपोल्ड मॅडिसनचेच प्राध्यापक. ते लाकूड तासून स्वतः धनुष्यं बनवायचे आणि त्यांच्या पत्नी एस्टेला या राज्याच्या महिला धनुर्विद्या विजेत्या होत्या. नवऱ्यानं घडवावं आणि बायकोनं नेम मारावा, असा तो संसार. आमच्याकडे मी फक्त बिलं घडवतो.

धनुष्य घेतल्याची बातमी आईला फोनवर सांगितली.

"काय घेतलंस म्हणतोस?"

"धनुष्य."

"नातवाला?"

"नाही, मला."

पलीकडे बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला. मग, "का रं, तिकडं मटणाचं दुकान नाही व्हय?"

आईचा प्रश्न बिनतोड होता. तिला शिकार म्हणजे संस्थानिकांचं काम एवढंच माहीत. कोल्हापूरच्या महाराजांकडे काळवीट धरायला पाळलेले चित्ते असत. ते सगळं आता भिंतीवरच्या फोटोंत गेलं आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडची शिकार संपली, हे बरंच झालं. इथला हिशेब वेगळा आहे. लांडगे कमी, हरणं अमाप आणि किती मारायची ते सरकार ठरवतं. प्रत्येक हरणासाठी वेगळी परवानगी लागते. मांस खायचं, वाटायचं, पण विकायचं नाही. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला आधी शिकाऱ्याचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. मी त्या तारखेनंतरचा. त्यामुळे सहावी-सातवीतल्या पोरांच्या मांडीला मांडी लावून परीक्षा दिली. शेजारचा मुलगा पेपर देऊन बाहेर गेला, आईच्या हातचं सँडविच खाल्लं आणि परत आला, तरी मी 'कुंपण ओलांडताना हत्यार कुठे ठेवावे' यावरच होतो.

आता दुकानाकडे. पहिली गोष्ट म्हणजे तुमचं माप घेतात. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात फैलावून उभं करतात आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत टेप लावतात. जी लांबी येईल तिला अडीचनं भागायचं. माझी आली ६८ इंच, म्हणजे दोरी ओढायची लांबी साधारण २७. दुकानदारानं 'ट्वेंटी सेव्हन' असं मोठ्यानं सांगितलं. रांगेतला साडेसहा फुटी शेतकरी माझ्याकडे ज्या करुणेनं बघत होता, तशी करुणा मी आजवर फक्त बिनलग्नाच्या भाच्याकडे बघणाऱ्या आत्यांच्या डोळ्यांत पाहिली होती.

मग डोळा. दोन्ही तळव्यांचा त्रिकोण करून त्यातून समोरच्या घड्याळाकडे बघायचं आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं घड्याळ जागेवर राहतं तो तुमचा कर्ता डोळा. माणूस उजव्या हाताचा आणि डोळा डावा असला, तर सगळा मामला उलटा होतो. माझा उजवाच निघाला. घरातली एक तरी गोष्ट माझ्या बाजूची आहे, याचं समाधान वाटलं.

मग ताकद. इथं पुरुषजातीचा खरा कस लागतो. मापाचा आकडा पौंडांत असतो आणि दुकानात शिरणारा प्रत्येक पुरुष '७०' म्हणतो. गुडघ्याची वाटी बदललेलाही ७० म्हणतो. कायद्याला हरणासाठी फक्त ३० पौंड पुरतात, हे कुणी मनावर घेत नाही. दुकानदारानं माझ्याशी वाद घातला नाही. त्यानं एक खुर्ची पुढे ओढली. "बसा. पाय जमिनीवरून उचला. धनुष्य समोर धरा आणि सरळ मागे ओढा. आभाळाकडे न्यायचं नाही." सत्तर पौंड छताकडे गेले. साठ पौंड ट्यूबलाइटपर्यंत. पंचावन्न मात्र सरळ आले. झाडावर, थंडीत, तासन्‌तास अवघडून बसल्यावर जेवढं शांतपणे ओढता येतं तेवढंच आपलं. हात वर फेकून धनुष्य ओढणाऱ्या माणसाला हरीण अर्ध्या फर्लांगावरून ओळखतं.

आणि ओढल्यावर जी मौज होते, तिच्यासाठी मिझुरीच्या हॉलिस विल्बर अ‍ॅलन यांचे पाय धरावेत. या गृहस्थांनी साध्या धनुष्याच्या टोकांवर चाकं बसवून त्यावरून दोरी फिरवली. १९६६ साली पेटंटचा अर्ज केला, १९६९ साली ते मिळालं आणि कंपाउंड बो जन्माला आला. चाकं मध्यावर नसून एका कडेला अडकवलेली, त्यामुळे ओढताना सगळा भार आधी लागतो आणि शेवटच्या टप्प्यात चाक कलंडलं की धनुष्य एकदम मऊ होतं. पंचावन्न पौंड ओढायचे, पण धरून ठेवायचे जेमतेम अकरा. साध्या धनुष्यात जितकं जास्त ओढावं तितकं ओझं वाढतं. इथं शेवटाला ऐंशी टक्के माफी. आमच्या गृहकर्जाला हे चाक कुणी बसवून दिलं तर मी त्याचेही पाय धरीन.

एक गोष्ट मात्र दुकानात पाटी लावून सांगतात. बाण न लावता दोरी सोडायची नाही. बाणात जायची ती सगळी शक्ती मग धनुष्यातच फिरते, पाती तडकतात, तारा उडतात. रामानं शिवधनुष्य मोडलं तेव्हा त्याला सीता मिळाली. इथं मोडलं तर वॉरंटी जाते.

पुढचा मोह वेगाचा. कंपनीच्या पत्रकावर '३४० फूट प्रतिसेकंद' असं ठसठशीत छापलेलं असतं. हा आकडा म्हणजे मोटारसायकलच्या जाहिरातीतलं अ‍ॅव्हरेज. मोजताना दोरी ३० इंच ओढतात, ताकद ७० पौंड आणि बाण ३५० ग्रेनचा, अगदी हलका. माझ्यासारखा २७ इंची, ५५ पौंडी माणूस शिकारीचा वजनदार बाण लावतो, तेव्हा तो आकडा अडीचशेच्या आसपास येऊन बसतो. आधी वाईट वाटलं. मग हिशेब केला. हरीण वीस यार्डांवर, म्हणजे साठ फुटांवर. बाणाला तिथं पोचायला पाव सेकंद लागतो. दोरीचा आवाज मात्र सेकंदाला अकराशे फूट धावतो. पत्रकातला ३४० खरा धरला, तरी आवाज बाणाच्या तिप्पट वेगानं आधी पोचून हरणाला सावध करतो. दचकलेलं हरीण उडी मारायला खाली दबतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. वेगाची शर्यत अशी आवाजापुढे हरलेलीच आहे. जड बाणाचं धनुष्य कमी वाजतं, तेव्हा वजनदार बाण घ्यावा आणि धनुष्य गप्प ठेवावं. हा उपदेश संसारातही चालतो, पण हा लेख धनुष्यावर आहे.

आता अलंकार. दोरीत एक बारीक भोक असलेली चकती विणतात, तिला पीप म्हणतात. त्या भोकातून समोरच्या साइटचं गोल कडं बघायचं. दोन्ही वर्तुळं एकात एक बसली की डोकं योग्य जागी आहे असं समजायचं. कड्यात हिरव्या, लाल, पिवळ्या ठिपक्यांचे काटे असतात. वीस यार्डांचा एक, तीसचा एक, चाळीसचा एक. हरीण पंचवीसवर उभं राहिलं तर काय करायचं, याचं उत्तर म्हणून दुकानदार लेझरचा अंतरमापक विकतो. बाण टेकवायला केसाळ ब्रशचं कडं स्वस्त आणि बिनधोक. बाण सुटताच खाली पडणारा टेकू महाग आणि नाजूक. समोर लावायचा एक जाड दांडका असतो, तो हात स्थिर ठेवतो. त्याची किंमत ऐकून हात थरथरतो.

दोरी सोडायच्या साधनाची, म्हणजे रिलीजची, गोष्ट मात्र रसाळ आहे. आता बोटांनी दोरी ओढत नाहीत. मनगटाला पट्टा बांधायचा, त्याचा आकडा दोरीच्या छोट्या फाशात अडकवायचा आणि तर्जनीनं चाप दाबायचा. एकलव्याकडे हे असतं तर अंगठा देऊनही त्याचं काही बिघडलं नसतं. द्रोणाचार्यांनी मग तर्जनी मागितली असती. पण चाप नसलेलाही एक प्रकार मिळतो. पाठीचे स्नायू आवळत गेलं की तो हळूच वळतो आणि आपल्यालाही नकळत सुटतो. आता गुरूंनी काय पाठ मागायची?

बाणांचं शास्त्र तर उलट्या गणिताचं. बाणावर ३४०, ४००, ५०० असे आकडे असतात. ते वाकण्याचे आहेत, म्हणून आकडा जितका लहान तितका बाण ताठ. माझ्या वाट्याला ४०० आले. कार्बनचा बाण प्रत्येक वेळी मारण्याआधी दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवायचा आणि कानाशी नेऊन ऐकायचा. कुठे 'कट्' असं वाजलं तर तो तिथंच टाकायचा, नाहीतर सुटताना तुकडे होऊन स्वतःच्याच हातात घुसतो. त्यामुळे मी परसात बाण कानाशी लावून उभा असतो आणि शेजारीण कुंपणापलीकडून विचारते, "काय म्हणतोय?"

धनुष्यावर आणि त्याच्या जोडसामानावर ११ टक्के केंद्रीय कर असतो. बंदुकांवरचा असा कर १९३७च्या कायद्यानं वन्यप्राण्यांच्या संवर्धनाला लावला, १९७२ साली धनुष्य-बाणही त्यात आले.  म्हणजे आमचे होस्टे खाणाऱ्या हरणाचा सांभाळही मीच करतो.

आणि इतकं सगळं जमवून घरी आल्यावर कळतं की खरी लढाई स्वयंपाकघराशी आहे. हरणाचं नाक माणसाच्या नाकाला विचारतसुद्धा नाही. शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणानं धुवायचे, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवायचे आणि रानात पोचल्यावरच घालायचे, असा नियम. आमच्या घरात आमटीला हिंग-लसणाची फोडणी बसली की ती पडद्यांना, सोफ्याला आणि मुलाच्या दप्तरालाही बसते. मी भीत भीत विषय काढला.

"अहो, म्हणजे जानेवारीपर्यंत मी फोडणी द्यायची नाही?"

"तसं नाही. दार लावून."

"हरणाला वास आवडला तर? आपणहून येईल की."

तेव्हापासून डबा गॅरेजमध्ये असतो आणि पहाटे चार वाजता गोठवणाऱ्या थंडीत मीही तिथंच कपडे बदलतो.

या खरेदीतून मला एवढं उमगलं की दुकानात सगळं मिळतं, ते शेवटचं वीस यार्डांचं अंतर मात्र मिळत नाही. बंदूकवाला दोनशे यार्डांवरून काम उरकतो. धनुष्यवाल्याला वारा तोंडावर घेऊन, मचाणावर हलता न येता, हरीण आपणहून जवळ येईतो बसावं लागतं. आलं तरी मध्ये एखादी डहाळी असते आणि बाण करंगळीएवढ्या डहाळीनंही भरकटतो. मग न सोडलेला बाण भात्यात घालून खाली उतरायचं. काट्यांचे रंग, चाकांची नावं, पत्रकावरचे वेग, यांतलं काही तेव्हा कामाला येत नाही. कामाला येतो तो उन्हाळाभर परसात मारलेला बाण.

तेव्हा कुणा मराठी बांधवाला ही हौस सुटलीच, तर आधी हात फैलावून माप घ्या आणि आकडा लहान आला तर लाजू नका. खुर्चीत बसून, पाय उचलून जेवढं ओढता येईल तेवढेच पौंड घ्या. पाच-सहाशे डॉलरांत साइट आणि टेकूसकट तयार धनुष्य मिळतं, ते हरणाला आणि तुम्हाला दोघांनाही पुरेसं आहे. उरलेल्या पैशांतून आधी मचाणावर बांधायचा सेफ्टी हार्नेस घ्या, कारण या छंदात माणसं बाणापेक्षा झाडावरून पडूनच जास्त जायबंदी होतात. मग चांगले बाण घ्या आणि ते रोज मारा. जो दांडका आणि जे लेझर घ्यायचं राहून गेलं, त्याची आठवण हरीण काढणार नाही.