घाटाचा हिशेब मागू नये

काय बाई एकेकाचे नाद! कांद्याला भाव नाही, टोमॅटो नारायणगावच्या बाजारात मातीमोल, सोसायटीची नोटीस दारावर; पण गोठ्यातल्या राजाचा खुराक चुकायचा नाही. पोरांच्या चहात दूध जपून, बैलाला बादलीनं! बैल घ्यायचा लाखांत आणि बैलगाडा शर्यतीच्या घाटात पळायचं किती? अकरा-बारा सेकंद. पुढं घोडी, मागं चार बैल, भिर्रर्र... आणि डोळ्यातला भंडारा पुसेपर्यंत बारी संपलेली. बक्षीस म्हणाल तर मे २०२२ मध्ये चिखलीत पहिलं बक्षीस चक्क जेसीबी होतं. चार बैल तीन मालकांचे निघाले तर त्याचं कुठलं चाक कुणी न्यायचं, देव जाणे.

विलायतेत असलं खपवून घेत नाहीत हो. तिथल्या फुटबॉलच्या प्रीमियर लीगचा २०२३ सालचा नियमच होता: तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंडांपर्यंत खुशाल बुडा, त्यापुढं बुडालात तर गुण कापू. एव्हर्टन क्लब त्याहून जवळपास दोन कोटी जास्त बुडाला, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा गुण गेले. मग वकील, अपील, आणि दहाचे सहा झाले. मँचेस्टर सिटीवर तर शंभराहून जास्त आरोप! तो लीगवाला चुकून मंचरच्या स्टँडवर उतरला तर जुन्नर-आंबेगावात एका तरी गाडामालकाचा गुण शिल्लक राहील का?

कोर्टाच्या पायऱ्या आपल्यांनीही चढल्या, उगाच कमी लेखू नका. ७ मे २०१४ ला बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, ती १६ डिसेंबर २०२१ ला उठली. लगेच लांडेवाडीत १ जानेवारीचा घाट ठरला, माजी खासदार आढळरावांचा. आणि आदल्या संध्याकाळी करोनापायी परवानगी रद्द! फेब्रुवारीत खासदार अमोल कोल्हे निमगाव दावडीच्या घाटात गाड्यापुढं घोडीवर बसले. निवडणुकीत दिलेला शब्द पाळला म्हणे. रस्ते-पाण्याचे शब्दही असेच घोडीवर बसून पाळले असते तर?

शेवटी १८ मे २०२३ ला घटनापीठानंही शर्यतींना मुभा देणाऱ्या राज्याच्या कायद्यावर शिक्का मारला. त्यात अटी काय कमी आहेत? जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पन्नास हजारांची अनामत, पशुवैद्यकाची तपासणी, चित्रीकरण. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. बैलाला चाबूक नाही, शॉक नाही. फार छान! पण मालकिणीच्या पाटल्यांचं काय? त्यांच्या रक्षणासाठी एक कलम? पाच न्यायमूर्ती बसले, पण तो विषयच निघाला नाही.

आमच्या आळीतल्या एका वहिनींनी म्हणूनच घरापुरती लीग काढलीय. तीन वर्षांत अमुक इतकेच बुडवायचे, जास्त बुडवले तर जेवण ओट्यावर. भावजींनी मर्यादा थापलिंगच्या यात्रेतच ओलांडली. सध्या अपील सासूबाईंपुढं आहे, आणि सासूबाईंच्या माहेरी, म्हणे, दावणीला सहा बैल आहेत.