एका आवरणास अनावृत पत्र

राजमान्य राजश्री तारावरण महाशय, मुक्काम इंजिनाचा माथा, यांचे सेवेशी

सप्रेम नमस्कार विनंती विशेष. (पैकी ‘सप्रेम’ केवळ शिरस्ता म्हणून.)

ज्या स्टुटगार्टकरांनी १९९१ साली डब्ल्यू १४० ही एस-क्लास मोटार काढताना, रस्त्यावरचा कोलाहल आत बसलेल्या धनिकाच्या कर्णपटलांना शिवू नये म्हणून, खिडक्यांना दुहेरी काचा बसवल्या, आणि ज्यांची डब्ल्यू १२४ ही गाडी जर्मनीत टॅक्सी म्हणून अहोरात्र राबली आणि तरीही जिला म्हातारपण म्हणून लवकर येईना, त्याच मर्सिडीज-बेंझच्या यंत्रविशारदांनी इंजिनावरील तांब्याच्या तारांचे रक्षण आपल्यासारख्या अल्पायुषी, विरक्त आणि उष्णतेपुढे अत्यंत सुकुमार अशा सद्गृहस्थाकडे सोपवावे, हा नेमणुकांच्या इतिहासातला एक थोर चमत्कार होय.

आपली कारकीर्द सामान्यतः १९९२ ते १९९५ अशी धरतात. डब्ल्यू १२४ आणि डब्ल्यू १४० यांच्याबरोबरच डब्ल्यू २०२ ही धाकटी आणि आर १२९ ही छत उघडणारी विलासिनी, यांच्या पेट्रोल इंजिनांवर आपला अंमल होता. आपले चरित्रकार, म्हणजे देशोदेशीचे मिस्त्री, एकमुखाने सांगतात की पर्यावरणाच्या चिंतेने भारलेल्या त्या काळात आपली घडणच अशी करण्यात आली होती की गाडी भंगारात गेल्यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या उकिरड्यावर न रेंगाळता यथावकाश निसर्गात विलीन व्हावे. हेतू उदात्त होता, याविषयी आमची तक्रार नाही. एवढेच की गाडी भंगारात जाईपर्यंत थांबावे, ही अट आपल्या सनदेत लिहायची राहून गेली. आणि आपणही, कोणत्याही कर्तव्यदक्ष अंमलदाराप्रमाणे, सनदेत नसलेली अट पाळण्याचे कारण नाही असे ठरवून गाडी भर तारुण्यात असतानाच विलीन होऊ लागलात.

आपल्या विलीनीकरणाची रीत मात्र वाखाणण्यासारखी आहे. आपण ज्या काळ्या बाह्य नळीत राहता, ती वरून जशीच्या तशी, चकचकीत आणि प्रतिष्ठित दिसते. बॉनेट उघडून पाहणारा मालक तिच्यावरून फडके फिरवतो आणि समाधानाने बॉनेट मिटतो. आत मात्र इंजिनाच्या नित्याच्या उष्णतेने आपण प्रथम ताठर होता, मग आपल्याला भेगा पडतात, आणि शेवटी शिळ्या पापडासारखा आपला चुरा होऊन तांबे उघडे पडते. पाण्याचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरपाशी, इंजेक्टरांच्या टोकांशी, जिथे जिथे तार नळीतून बाहेर येऊन वळते तिथे तिथे हा ऱ्हास प्रथम दृष्टीस पडतो. मग एक उघडी तार शेजारच्या उघड्या तारेला बिलगते, आणि त्यांच्या या सख्यातून जी अफवा जन्माला येते ती थेट इंजिनाच्या संगणकाच्या दरबारी रुजू होते. तापमानाच्या सेन्सरच्या दोन तारा एकमेकींना भिडल्या, तर भर पौषातल्या गारठलेल्या पहाटे संगणकास वर्दी मिळते की इंजिन सडकून तापले आहे. तो बिचारा हुकमाचा ताबेदार, पेट्रोलचा पुरवठा आखडता घेतो. आणि लक्षाधीशाची गाडी दारातच खोकत उभी राहते.

येथून पुढे जे घडते त्याबद्दल आपणांस विशेष जाब विचारणे प्राप्त आहे. गाडी मिसिंग मारू लागली, आयडलिंगला थरथरू लागली, दिवा लागला, पिकअप गेला, की गॅरेजात फिर्याद दाखल होते. आणि त्या फिर्यादीत आपला उल्लेखही नसतो. पहिल्याने स्पार्क प्लग बडतर्फ होतात. त्यांच्या जागी नवे येऊनही गाडी सुधारत नाही, तेव्हा इग्निशन कॉइलींवर तोहमत येते. नंतर आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरची उलटतपासणी होते. आणि मग प्रकरण थ्रॉटलच्या विद्युत यंत्रणेपर्यंत जाते, जिची किंमत ऐकून मालकाला क्षणभर खाली बसावे लागते. एम १२० या बारा सिलिंडरांच्या इंजिनावर तर थ्रॉटल दोन आणि इंजिनाचे संगणकही दोन, तेव्हा श्रीमंतांच्या पीडेतही दुप्पट वैभव असते हे तेथे प्रत्ययास येते. या संपूर्ण चौकशीत उंदीर नावाच्या त्या उपद्रवी परंतु या प्रकरणी निर्दोष प्राण्याचेही नाव जबानीत येते, बॉनेटखाली पिंजरा लावला जातो, आणि आपण नळीच्या आत सुखेनैव चुरा होत राहता. तारांच्या या लगटीत खुद्द संगणक जळून गेला, तर नवा संगणक त्याच जुन्या तारांना जोडण्याचा पराक्रमही केला जातो. त्याचे पुढे काय होते ते आपल्याला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

थ्रॉटलला मात्र अगदीच निरपराध म्हणता येत नाही, कारण त्याच्या पोटातल्या तारांवरही आपलेच गणगोत वतनदार होऊन बसलेले असते. हार्नेस, म्हणजे इंजिनावरील तारांचा सगळा जुडगा, नवा घातला आणि थ्रॉटल जुनाच ठेवला, तर आपली एक शाखा हटली आणि दुसरी कायम राहिली, इतकाच हिशेब होतो.

काही दयाळू मिस्त्री काळी टेप गुंडाळून आपली सेवा वाढवून देतात. ही टेप इंजिनाच्या उष्णतेत आपला गोंद सोडून चिकट ओघळांच्या रूपाने लोंबू लागते, आणि ज्या तारेला तिने गुंडाळले नाही ती पुढच्या महिन्यात उघडी पडते. तेव्हा ही मुदतवाढ आम्हांस नामंजूर आहे. कायमचे दोनच मार्ग आहेत. एक, नवा हार्नेस आणावा. पण कोठारात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या ‘नव्या’ हार्नेसवरही आपलीच स्वारी विराजमान असू शकते, म्हणून त्याच्यावरील चिठ्ठीतली निर्मितीची तारीख वाचल्याखेरीज पैसे मोजू नयेत. दोन, एखाद्या धीराच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून जुन्या हार्नेसची पुनर्रचना करून घ्यावी: कनेक्टर मूळचेच, तारा मात्र इंजिनाची उष्णता सोसणाऱ्या, जाडी पहिल्याइतकीच, टोके नीट क्रिंप केलेली, आणि ज्या सिग्नलच्या तारांना जाळीचे कवच होते त्यांना ते पुन्हा दिलेले. एका वेळी एकच तार बदलावी आणि प्रत्येक टोकाला खूण बांधावी. सगळ्या तारा एकदम कापून मग रंगांवरून नाती जुळवू म्हणणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नये. काम कष्टाचे आहे, कारण सहा सिलिंडरांच्या एम १०४ इंजिनावर काही जोडण्या इनटेक मॅनिफोल्डच्या खाली अशा दडलेल्या आहेत की त्या सोडवणाऱ्याचे हात सोलवटून निघतात, आणि म्हातारे झालेले प्लास्टिकचे कनेक्टर हात लावताच तुटून पडतात.

या सगळ्या प्रकरणात साध्या यांत्रिक पंपाच्या डिझेल गाड्यांचे मालक जो तटस्थ चेहरा करून हिंडतात, तो मात्र आम्हांस सहन होत नाही. त्यांच्या इंजिनाला आपल्यासारख्यांची गरजच मोजकी होती, यात त्यांचे कर्तृत्व ते काय?

हे पत्र मराठीत लिहिण्यास एक सबळ कारण आहे. १९९५ पासून आमच्या पुण्यालगत पिंपरीस, टाटांच्या टेल्को कारखान्याच्या आवारात, याच डब्ल्यू १२४ वंशातली ई २२० जोडली जाऊ लागली, आणि एके काळी केवळ दुरून नमस्कार करण्याची ती गाडी आज सेकंडहँड बाजारात मध्यमवर्गीय हौशी माणसाच्या आवाक्यात आली आहे. तिच्या किमतीकडे पाहून हुरळणाऱ्या आमच्या बांधवांस, महाशय, आपली ओळख करून देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. सबब, आपणांस या पत्रान्वये आज तारखेपासून सेवामुक्त करण्यात येत असून आपली निसर्गात विलीन होण्याची मनीषा आम्ही गाडीबाहेर पूर्ण करून देऊ.

आणि वाचकहो, त्या पिढीतली पेट्रोल गाडी घेण्याचा मोह झालाच, तर रंग आणि चामड्याची आसने नंतर पाहा. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा, तापमानाच्या सेन्सरपाशी नळीचे टोक जरासे मागे सारा आणि आतली तार हलकेच वाकवून पाहा. आवरणाचा चुरा बोटांना लागला, तर हार्नेस आणि थ्रॉटल या दोहोंचा खर्च विक्रेत्याच्या मागणीतून वजा करा; तो कबूल नसेल, तर व्यवहार मोडा.

कळावे.