मैत्रिणीचे मडके विकत घेण्याची रीत

न्यू मेक्सिकोतल्या एखाद्या मूळनिवासी प्वेब्लो गावची कुंभारीण तुमची मैत्रीण असेल, तर संग्राहक होण्याच्या वाटेत पहिला अडथळा त्या मैत्रीचाच. तो दूर करण्याचा शास्त्रोक्त उपाय म्हणजे किंमत विचारणे आणि ती ऐकून चेहरा जागेवर ठेवणे. ‘आपल्यात कसले पैसे’ हे वाक्य फक्त विकणाऱ्याने म्हणायचे असते. तुळशीबागेत कमावलेले कौशल्य इथे म्यानातच राहू द्यावे. कारण ही माती तिने टेकडीवरून खणून, चाळून, मळून घेतलेली असते. चाकाविना, वळीवर वळी चढवत भांडे उभे राहते, मग लेप देऊन ते गुळगुळीत दगडाने घोटले जाते. हा दगड पुष्कळदा आजीकडून आलेला असतो. उघड्यावर लाकूड नि गोवऱ्या रचून भाजताना, काळे भांडे हवे असेल, तर धग ऐन भरात येताच शेणाच्या भुकटीने जाळ कोंडतात, आणि हवेविना तांबडी माती काळी होते. आत ओल राहिली असेल, तर एवढे सगळे एका आवाजात फुटते. फुटलेल्यांचा खर्च टिकलेल्या भांड्यांनीच भरून काढायचा असतो. म्हणजे सवलत मागणारा मित्र तिच्या तोट्यात वाटा उचलत नाही, तो वाढवतो.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, गॅलरीचे कमिशन वाचले, ते तरी आपले! पण गॅलरी करते ती कामे, म्हणजे मांडणे, समजावणे, बांधून देणे, आता मैत्रीणच करते. शिवाय तुम्हाला कॉफीही पाजते. ते कमिशन तिचेच. तिने आपणहून भेट दिलीच, तर जरूर घ्यावी, आणि दुसरे भांडे पूर्ण किमतीला विकत घ्यावे.

भांडे हातात येताच उलटे करून सही शोधू नये. सान इल्देफोन्सो या प्वेब्लो गावच्या मारिया मार्टिनेझ आणि पती हुलियन यांनी १९१९च्या सुमारास काळ्यावर काळी नक्षी साधली, आणि पुढे मारियांच्या सहीला भाव आला. तेव्हा गावातल्या इतर बायकांनी मागितली, की त्यांच्या भांड्यांवरही त्या सही करून देत, असे सांगतात. भाव आला आहे ना, मग तो सगळ्यांना मिळू दे, असा साधा हिशेब. संग्राहक त्या हिशेबाने आजही हैराण आहेत. सहीशिवाय खरे-खोटे कसे ओळखायचे, हा आक्षेप बाजारात रास्तच; मूळनिवासी कलेच्या नावाखाली बनावट माल विकणे अमेरिकेत १९९०च्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे. पण बनवणारीच समोर बसलेली असताना दाखला मागणे म्हणजे जेवायला बोलावणाऱ्या यजमानीणबाईंकडे ओळखपत्र मागण्यासारखे.

पैसे पूर्ण द्या, मडके डिकीत न टाकता मांडीवर घ्या. आणि घरी पोचल्यावर त्यात पाणी घालून फुले ठेवू नका: कमी धगीवर भाजलेली ही माती पाणी शोषते आणि घोटलेली चकाकी कायमची जाते.