पटाशीपंडित

पटाशीपंडित ओळखायचा असेल तर त्याचा डावा हात बघा. मनगटापासून कोपरापर्यंत केसाचा पत्ता नसतो. धार लागली की नाही हे तो तिथले केस भादरून तपासतो, आणि धार तो रोज लावतो. लाकूड त्यामानाने क्वचित कापतो.

हा गृहस्थ बहुधा बँकेतून निवृत्त झालेला. ‘घरच्या घरी एक स्टूल करावं’ एवढीच मूळ इच्छा. स्टुलाच्या पायाला चौकोनी भोक पाडून त्यात आडव्या पट्टीचं कुसू ठोकायचं. पण भोक पाडायचं कशाने? इथे स्टूल अडतं ते अडतंच.

“पटाशी वेगळी, विंधणं वेगळं,” तो बजावतो. बरोबरच आहे. उतरत्या कडांची नाजूक पटाशी भोकात घालून ढलप्या उचकायला गेलात तर ती वाकते, नाहीतर तिची धार तुटते. विंधण्याचं पातं जाडजूड. ठोकताना ते वळत नाही, आणि भोक आपोआप पात्याच्याच रुंदीचं पडतं. म्हणून लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश रुंदीचं विंधणं घ्यावं. पाऊण इंची लाकडाला पाव इंची.

इथवर ऐकून माणसाने उठावं. पुढे शेफिल्डचं जुनं, लंबगोल मुठीचं बरं, की मऊ लोखंडाला कडक पोलाद जोडलेलं जपानी? धारेचा कोन ३० अंश की ३५? बोहरी आळीतले दुकानदार त्याला लांबूनच ओळखतात. “त्या जपान्याच्या पैशात चार स्टुलं आली असती,” हे घरच्यांचं मत.

मग एकदा जाळीचं दार करायला सुतार येतो. त्याच्या पिशवीत लोहाराकडून घडवून घेतलेलं एकच विंधणं. दोन्ही टोकांना जरा जागा सोडून तो मधलं लाकूड ठोकत, उचकत अर्ध्यापर्यंत जातो. लाकूड उलटवून दुसऱ्या बाजूने येतो. टोकं सगळ्यात शेवटी साफ करतो. मागून पंडित पुटपुटतो, “कोन २८ दिसतोय.” सुतार मान वर करत नाही. पण काम आवरताना हळूच विचारतो, “साहेब, जरा धार लावून द्याल का?”

तेव्हा वाचकहो, घरात बोथट सुरी, अडकित्ता, कात्री जे असेल ते घेऊन बेलाशक त्याच्याकडे जा. धार फुकट, आणि नामी. फक्त गॅसवर दूध ठेवून जाऊ नका.