अविभक्त फियाट

खान्देशात वाटणी न झालेली वस्तू सापडणं अवघड आहे. खुद्द खान्देशाचीच १९०६ साली पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी झाली. पूर्वेचा पुढे जळगाव झाला, पश्चिमेचा धुळे, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबारही वेगळा निघाला. आरटीओच्या लेखी या तीन जिल्ह्यांचे तीन नंबर झाले : एमएच १८, १९ आणि ३९. घरांचंही तेच. केळीचा मळा भावाभावांत फुटतो, विहिरीचं पाणी पाळीनं मिळतं, चौकातून भिंत जाते आणि आजीची पोत सराफाच्या काट्यावर चढून ग्रॅमवारीनं वाटली जाते. शेताचे तुकडे पडू नयेत म्हणून सरकारनं १९४७ साली कायदा केला. त्यानंतरही पडायचे ते तुकडे पडलेच. अशा मुलखात गोठ्याच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, कुणालाही वाटून न घेता आलेली एक फियाट उभी असते, आणि फियाटीखाली, पाय तेवढे बाहेर काढून, आप्पा असतात.

आप्पा हा नमुना आहे. रावेर-यावलपासून शिरपूर-साक्रीपर्यंत तो सापडतो; हाक तेवढी बदलते, कुठे अण्णा, कुठे नाना, कुठे बापू. नोकरीतून निवृत्त झालेला, भावांत थोरला, गावातच राहिलेला. वाटण्या झाल्यापासून त्याचं थोरलेपण लग्नपत्रिकेत पहिलं नाव छापण्यापुरतं उरलेलं. त्याला जुन्या गाड्यांचं वेड आहे, असं गाव समजतं. हे निदान मला पटत नाही. गाड्यांचा वेडा एका गाडीवर थांबत नाही. आप्पांनी दुसऱ्या कुठल्या जुन्या गाडीकडे मान वळवून पाहिलेलं नाही, आणि रॅली बघायला मुंबईला जायचं म्हटलं की त्यांचे गुडघे दुखतात. फियाटीखाली सरपटताना ते दुखत नाहीत. आप्पांना हवं आहे कर्तेपण, आणि कर्तेपण चालवायला एकत्र कुटुंबाची काहीतरी मिळकत शिल्लक असावी लागते. ती एवढीच शिल्लक आहे.

पुरावा कागदांतच आहे. सातबाऱ्यावर कितीही नावं चढतात, गटाचे पोटहिस्से पडतात. आरसी बुकात नाव एकच, आणि इथं ते वारलेल्या वडिलांचं. केळीच्या वॅगनी सावदा-निंभोऱ्याहून दिल्लीकडे जायच्या त्या काळात, बरी वर्षं गाठून, नंबर लावून वाट पाहून, वडिलांनी १९७५ साली प्रीमियर पद्मिनी घेतली. कंपनीनं नाव बदललं तरी घरानं बदललं नाही. ती फियाटच राहिली. मालक गेल्यावर गाडी नावावर करायची तर फॉर्म ३१ भरायचा, मृत्यूचा दाखला जोडायचा, बाकीच्या वारसांची ना-हरकत आणायची. नियमानं हे तीन महिन्यांत उरकायचं असतं. आप्पांच्या कपाटात तो फॉर्म विम्याच्या जुन्या कागदांसोबत प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं कोरा पडला आहे, कारण सह्या होत नाहीत. नवलाची गोष्ट अशी की सुरतेच्या आत्यानं पाच एकर कपाशीच्या जमिनीवर साडी-चोळी घेऊन हक्कसोड लिहून दिलं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत चहासुद्धा गार होऊ दिला नाही. फियाटवरचा हक्क सोडायला ती तयार नाही. ‘तिच्या मागच्या शीटवर बसून मी सासरी गेले,’ एवढंच तिचं म्हणणं. ज्या वस्तूला बाजारभाव आहे तिच्यावर हक्क सांगताना बहिणीला संकोच वाटतो. भंगाराच्या भावाच्या वस्तूवर खुशाल सांगता येतो.

हक्क सगळ्यांचा, म्हणून दुरुस्तीचं काम निघतं ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. लेकी माहेरी आलेल्या असतात, पुण्या-नाशिकच्या पोरांना सुट्या असतात, पितरांची घागर भरून झालेली असते. उन्हाचा पारा चव्वेचाळीसला टेकतो, त्यामुळे जे काय करायचं ते सकाळी दहाच्या आत. कामाची विभागणी ठरलेली असते. पुण्याचा इंजिनिअर भाऊ मोबाइलवर मॅन्युअल वाचून दाखवतो. धुळ्याचा भाऊ आग्रा रोडवरचा मिस्तरी घेऊन येतो. ट्रकांवर हात बसलेला हा मिस्तरी आधी हातोडा मारतो आणि मग बिघाड विचारतो. पुतण्यांना पत्रा घासायला पॉलिश पेपर मिळतो. जावयाला काम सांगता येत नाही आणि वगळताही येत नाही, म्हणून त्याच्या हाती बॅटरी देतात. कार्ब्युरेटर उघडून त्याची जेटं वर्तमानपत्रावर ओळीनं मांडली की आप्पा पंखा बंद करायला लावतात आणि कुणाला शिंकू देत नाहीत. दहा-अकराचा पाना मात्र ते स्वतःच्या खिशातून काढत नाहीत. मागच्या दिव्याची लाल काच धाकट्यानं कुर्ल्याहून आणलेली असते : गाडी बनली ती कुर्ल्याच्या कारखान्यात, आणि आता सुटे भाग मिळतात तेही कुर्ल्यातच, सीएसटी रोडच्या भंगारात. मग इंजिन चार ठोके देतं आणि बंद पडतं. उन्हानं नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली की पंपाला ते ओढता येत नाही. त्यावर उपाय एकच, पंपावर ओलं फडकं. लळिंगच्या घाटात वडिलांनी हेच केलं होतं, हे सगळ्यांना पाठ आहे. ते फडकं भिजवून आणणारा पोरगा आपणच होतो, असं आप्पांचे तिन्ही भाऊ शपथेवर सांगतात.

व्यवहारी माणूस इथं म्हणेल, एवढ्या पैशांत सेकंडहँड आल्टो आली असती. आली असती, पण ती आप्पांची आली असती, आणि आप्पांच्या आल्टोचं ऑइल बदलायला पुण्याहून कुणी आलं नसतं. विकून पैसे वाटून घ्या, हाही सल्ला मिळतो. भंगारवाला जी रक्कम बोलतो तिचे पाच वाटे केले तर वाट्याला येणारा पैसा प्रत्येकाच्या जाण्यायेण्याच्या भाड्यालाही पुरत नाही. या गाडीचा बचाव तिच्या स्वस्ताईत आहे. हीच कुणी परदेशी जुनी मोटार असती आणि लाखांत मोल असतं, तर केव्हाच कोर्टात उभी राहिली असती.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि आप्पांकडे त्याला उत्तर नाही. हे एकत्र कुटुंब चालतं ते बायकांच्या हातांवर. पाना धरला की पुरुषाला काम केल्याचं समाधान लाभतं. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत परातीएवढी करून खापरावर टाकणाऱ्या काकूंना त्या आगीशेजारी पारा किती, हे कुणी विचारत नाही. ‘गाडी सुरू होईल तव्हा होईल, आधी जेवाले चला,’ हे त्यांचं वाक्य म्हणजे या सबंध प्रकल्पावरची एकमेव निःपक्षपाती टीका आहे.

राहता राहिली पुतण्याची तक्रार : इंजिन बोअर झालं, पिस्टन-रिंगा पडल्या, लांबी भरून झाली, तरी गाडी रस्त्यावर का येत नाही? कारण ती चालू झाली की चालवणार कोण, उभी कुणाच्या दारात राहणार, पहिलं लग्न कुणाच्या पोराचं, हे सगळे प्रश्न एकदम सुटे होतील. आप्पा हे बोलत नाहीत. दरसाल काहीतरी किरकोळ शिल्लक ठेवतात, एकदा दाराचं रबर, एकदा स्पीडोमीटरची केबल. पुतण्याला तिच्यात एसी आणि अलॉय व्हील बसवायची आहेत. त्यानंच मोबाइलवर २०२१ चा नियम शोधला : पन्नास वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूपात राहिलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, दहा वर्षांसाठी. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल चालत नाहीत, आणि गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, अशा कामांसाठीच रस्त्यावर आणायची. पुतण्या खट्टू झाला. आप्पांनी ‘दुरुस्ती’ हा शब्द त्याच्याकडून दोनदा वाचून घेतला. फी वीस हजार, म्हणजे पाच वारसांत प्रत्येकी चार. विषय पुढच्या आखाजीला निघणार आहे, पण आत्यानं सुरतेहून आत्ताच फोन करून विचारलंय, पावती कुणाच्या नावानं फाडणार?