आधी बुक, मग बॉनेट

जुनी फियाट विकत घेणारा माणूस आधी बॉनेट उघडतो. खरं तर त्याने आधी आरसी बुक उघडायला हवं. गाडी चकाचक असते, 'सिंगल ओनर' असते. फक्त तो ओनर स्वर्गवासी असतो. गाडी विकतो नातू, बुकावर नाव आजोबांचं. मग मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 बाजूला राहतात आणि आधी फॉर्म 31 उगवतो: वारसांची नोंद. अमेरिकेतल्या आत्यालाही अचानक गाडीवरचं प्रेम आठवतं आणि तिच्या ना-हरकतीची वाट बघण्यात दोन पावसाळे जातात. एवढं जमलं तरी बुकातला चेसिस नंबर गाडीवरच्या गंजाखाली सापडेलच असं नाही.

पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला सरकारने 2021 मध्ये 'व्हिंटेज'चा मान दिला. नव्या नोंदणीचे 20,000 रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं आणि वर अट अशी की गाडी रोज चालवायची नाही. म्हणजे मालकी सिद्ध करायला वर्षभर पळायचं ते गाडी उभी ठेवण्यासाठी!

तेव्हा हौशी मंडळींनो, इंजिनाचा आवाज नंतर ऐका. बुकावरचा माणूस हयात आहे का, ते आधी विचारा.