ऑर्डर निघाली काय?

मुलाखत चांगली झाली, निवड यादीत नाव लागलं, घरच्यांनी नातेवाइकांना फोन केले. त्याला महिने उलटले. आता जळगाव जामोदच्या बसस्टँडवर ओळखीचं कुणीही भेटलं की पहिला प्रश्न तोच: "काय वं, निंघाली काय तुही ऑर्डर?"

पोरगी मान हलवते आणि बसमध्ये चढते. आमच्या तालुक्यात अशा कितीतरी मुली आणि मुलं आहेत. कुणी प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कुणी अधिपरिचारिका, कुणी औषधनिर्माता. जागा राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या, कंत्राटी, ठरावीक मुदतीच्या. त्यासाठी डिमांड ड्राफ्ट काढले, झेरॉक्सचे गठ्ठे साक्षांकित केले, नांदुरा, मोताळा करत राजूर घाट चढून जिल्ह्याचं ठिकाण बुलढाणा गाठलं. जाण्यायेण्यात अख्खा दिवस गेला. आणि आता फोन केला की उत्तर मिळतं, "फाईल सहीला आहे."

कुणाच्या सहीला? किती दिवसांपासून? हे सांगायला कुणीच बांधील नाही, असं आपण सगळ्यांनी मानून घेतलं आहे.

अशी कुठलीही जाहिरात काढून पाहा. अर्जाला शेवटची तारीख असते. एक कागद कमी पडला की अर्ज बाद. आदेश मिळाल्यावर ठरावीक दिवसांत, बहुधा सातच, रुजू झालं नाही तर निवड रद्द. उमेदवाराच्या प्रत्येक पावलाला मुदत आहे. कार्यालयाने आदेश किती दिवसांत द्यायचा, ती ओळ मात्र कुठेच सापडत नाही. उलट तळाला छापलेलं असतं की कोणत्याही टप्प्यावर, कोणतंही कारण न देता प्रक्रिया रद्द करण्याचा अधिकार राखून ठेवला आहे. याला करार म्हणायचं असेल तर तारखा दोन्ही बाजूंना लागल्या पाहिजेत.

अडचणी नसतात असं मी म्हणत नाही. अभियानाचा पैसा केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४० टक्के असा येतो. जिल्ह्याचा आराखडा, ज्याला सगळे पीआयपी म्हणतात, वर जातो आणि मंजूर होऊन खाली येतो. त्यात पद टिकलं तरच पगाराची सोय. पण मग विचारलंच पाहिजे: पद मंजूर नव्हतं तर जाहिरात कशाच्या जोरावर काढली? आणि मंजूर होतं, तर आता अडलंय कुठे?

दुसरं कारण आचारसंहितेचं. २०२४ मध्ये ती दोनदा लागली, १६ मार्चला लोकसभेसाठी आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेसाठी. मान्य. पण त्याच ऑक्टोबरात, आचारसंहिता लागायच्या आधी, राज्य मंत्रिमंडळाने निर्णयांचा नुसता सपाटा लावला होता. वरच्यांना हवं असतं तेव्हा फाईल पळते, हे महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि फाईल पळावी असा कायदाही आहे. बदल्यांचं विनियमन आणि विलंबाला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम, ज्याला लोक दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात. त्याचं कलम १० सांगतं की सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर निर्णय ४५ दिवसांत, गरज असेल तर तीन महिन्यांत. हेतुपुरस्सर विलंब केला तर शिस्तभंगाची कारवाई. जिल्हाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी ही सगळी शासनाचीच माणसं, म्हणजे कायदा त्यांनाही लागू. या कायद्याचा फलक प्रत्येक कार्यालयाच्या दारात लावावा, ही माझी पहिली मागणी.

निवड यादीत नाव लागलं म्हणजे नोकरीचा हक्क मिळाला असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये शंकरसन दाश खटल्यात स्पष्ट केलं आहे. अधिकारी हे वाक्य आवडीने ऐकवतात. त्याच निकालात पुढे आहे की म्हणून सरकारला मनमानी करता येणार नाही, जागा न भरण्यालाही योग्य कारण लागेल. ते वाक्य ऐकवणारा अधिकारी मला अजून भेटायचा आहे.

या मधल्या काळात पोरगी जगते कशी? खासगी लॅबवाला विचारतो, "किती दिवस राहशील?" खरं सांगितलं तर तो ठेवत नाही. खोटं बोलायचं तिच्या जिवावर येतं. पुढच्या शिक्षणाची फी भरावी की नाही, हेही ठरत नाही. आणि याच पोकळीत तो माणूस उगवतो, जो म्हणतो, "माझी वर ओळख आहे, सही करून आणतो, तेवढं जमवा." फाईल कुठे आहे हे सगळ्यांना उघड दिसलं तर या माणसाला कुणी चहाही पाजणार नाही. म्हणून दुसरी मागणी: निवड यादी जिथे लावता, तिथेच तिच्या खाली फाईल कोणत्या टेबलावर कोणत्या तारखेला पोचली तेही लावा.

नुकसान एकट्या उमेदवाराचं नाही. हा तालुका अर्धा सातपुड्याच्या पायथ्याशी आणि अर्धा खारपाणपट्ट्यात, जिथलं पाणीच खारं. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या गावांनी मूत्रपिंडाच्या आजाराने किती माणसं गमावली, ते इथल्या घरांना ठाऊक आहे. रक्त तपासायला तंत्रज्ञ नसणं इथे परवडत नाही. २०२५ च्या जानेवारीत शेजारच्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस गळू लागले, बातमी देशभर गेली, आणि आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेची पथकं बघता बघता गावात आली. ती यायलाच हवी होती. पण पथक परत गेल्यावर गावाजवळ उरतं ते उपकेंद्र, आणि उपकेंद्रात माणूस लागतो.

हे फक्त आरोग्य खात्यातच घडतं असं नाही. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची तऱ्हा आणखी वाईट. मुलाखत होते, शिकवणं सुरू होतं, आणि विद्यापीठाची व सहसंचालक कार्यालयाची मान्यता मागाहून सवडीने येते. तोवर मानधन नाही.

आणि आरोग्य अभियानात आत गेलेल्यांचीही वाट बघणं संपत नाही. तिथे दहा वर्षं काढलेल्यांच्या शासकीय सेवेतल्या समायोजनाचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ ला निघाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यभरच्या कर्मचाऱ्यांना काम बंद ठेवून रस्त्यावर बसावं लागलं.

मुलं गप्प बसतात, कारण विचारलं तर नाव डोक्यात ठेवतील ही भीती. भीती खरी आहे, म्हणून एकट्याने विचारू नका. यादीतल्या सगळ्यांनी मिळून एकच निवेदन द्या, त्यात कलम १० चा उल्लेख करा, आवक क्रमांकाची पोच घ्या. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा: आमची फाईल कोणत्या तारखेला कुणाकडे गेली आणि तिथे किती दिवस होती, एवढंच विचारा. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. अर्ज आपल्या नावाने करायचा नसेल तर गावातल्या कुणाही शहाण्या माणसाला करायला सांगा. माहिती मागणाऱ्याला ती कशासाठी हवी, हे विचारायचा अधिकार कार्यालयाला नाही.